प्रोटीन कमी पडलं की बोन मॅरो काय करतो, आणि नुसत्या आयर्नच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन का हलत नाही

प्रश्न असा आहे: वडील ७४ वर्षांचे, वर्षभरात जेवण खूप कमी झालंय, वजन उतरलंय, पायावर सूज आहे. हिमोग्लोबिन ९.१, पांढऱ्या पेशी ३२००, प्लेटलेट १ लाख ४० हजार, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) २.३. तीन महिने आयर्नच्या गोळ्या चालू आहेत आणि हिमोग्लोबिन जागचं हललेलं नाही. तर नुसत्या प्रोटीनच्या कमतरतेने रक्तपेशी कमी होतात का, की आयर्न आणि बी१२ एवढंच बघायचं असतं, आणि प्रोटीन पावडर चालू करू का?

हो, होतात. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट, तिन्हीवर परिणाम होऊ शकतो. पण तुमच्या वडिलांचं सगळं प्रोटीनमुळेच आहे असं मी या रिपोर्टवरून म्हणणार नाही, ते का ते खाली येईलच. आधी मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात जिथे रक्तपेशी तयार होतात तिथे, काय होतं ते सांगतो, कारण तिथेच लोकांचा गोंधळ असतो.

मोठ्या माणसाच्या मॅरोतून रोज साधारण २०० अब्ज लाल पेशी बाहेर पडतात, म्हणजे सेकंदाला वीस लाखांच्या वर, शिवाय १०० अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक मुख्य प्रकार) आणि साधारण तेवढ्याच प्लेटलेट. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे जवळपास २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत प्रोटीनच्या चार साखळ्या, दोन १४१ अमायनो ॲसिडच्या आणि दोन १४६ च्या, एकूण ५७४. हे वाचलं की कोणालाही वाटतं की बरोबर आहे, प्रोटीनच नाही तर पेशी कशाच्या होणार. बरेच जण इथेच थांबतात, त्यात डॉक्टरही आले. पण जरा हिशोब करून बघा. रोज नवीन हिमोग्लोबिन तयार होतं ते ६-७ ग्रॅमच, आणि तेवढंच जुनं मोडून त्यातली अमायनो ॲसिड परत वापरात येतात. अख्ख्या शरीरात रोज २५०-३०० ग्रॅम प्रोटीन मोडतं आणि नव्याने बांधलं जातं. त्या उलाढालीत ६ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, शरीराने मनात आणलं तर कुठल्याही स्नायूतून ते काढून देईल. म्हणजे माल संपला म्हणून काम थांबलं, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. जास्त खरं हे आहे की शरीर स्वतःहून उत्पादन कमी करतं.

कसं ते बघा. लाल पेशी किती करायच्या हे मॅरो ठरवत नाही, किडनी ठरवते. किडनीतल्या काही पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय असं जाणवलं की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडतात आणि मॅरो कामाला लागतो. आता माणूस कुपोषित झाला की स्नायू झिजतात, थायरॉइडचं टी-३ खाली येतं, हालचाल कमी, एकूण ऑक्सिजनचा खपच उतरतो. गिऱ्हाईक कमी झालं की दुकानदार माल कमी मागवतो तसंच किडनीचं होतं, एरिथ्रोपोएटिन कमी सुटतं आणि लाल पेशींचं उत्पादन बसतं. यावर उंदरांवरचे जुने प्रयोग आहेत, १९६० च्या दशकातले. आहारातून प्रोटीन पूर्ण काढलं की लाल पेशी तयार होणं जवळजवळ थांबतं, आणि त्याच बिनप्रोटीनच्या आहारावर ठेवून बाहेरून एरिथ्रोपोएटिन टोचलं की उत्पादन पुन्हा वर येतं. म्हणजे माल होता, ऑर्डर नव्हती. याचा अर्थ कुपोषित माणसाला ते इंजेक्शन द्यायचं असा मात्र अजिबात नाही, असले सल्ले मी ऐकलेत म्हणून लिहितोय. शरीराने ज्या कारणाने खर्च कमी केलाय ते कारण तसंच ठेवून वरून उत्पादन वाढवण्यात काही हशील नाही.

हा झाला पहिला टप्पा. कमतरता जास्त दिवस चालली की मग मॅरोच बदलतो, आणि माझ्या मते हा भाग सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठात प्रिमाव्हेरा बोरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांनी उंदरांना प्रोटीन अगदी जेमतेम असलेला आहार दिला आणि मॅरो तपासला. पेशींची संख्या तर कमी झालीच, पण ज्या मूळ पेशींपासून सगळं रक्त तयार होतं त्या विभाजनाच्या चक्रात पुढे सरकतच नव्हत्या, सुरुवातीच्याच टप्प्यावर अडकून बसलेल्या दिसल्या. आणि त्या ज्या जाळीत राहतात ती जाळीसुद्धा बदललेली, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन यांचं प्रमाण वेगळं, आधार देणाऱ्या पेशी चरबीच्या पेशी होण्याकडे झुकलेल्या. एका अमायनो ॲसिडनेही किती फरक पडतो याचं दुसरं उदाहरण २०१६ सालचं आहे: उंदरांच्या आहारातून फक्त व्हॅलिन काढून टाकलं तर काही आठवड्यांत मॅरोतल्या स्टेम सेल (त्याच मूळ पेशी) इतक्या कमी झाल्या की रेडिएशन न देता बाहेरच्या स्टेम सेल तिथे रुजवता आल्या. ल्युसिनचं वेगळंच. कोवळ्या लाल पेशीत एमटॉर नावाची एक यंत्रणा असते, ती ल्युसिन पुरेसं आहे का ते बघते आणि नसेल तर हिमोग्लोबिन बांधणं थांबवते. उगाच अर्धवट साखळ्या करून ठेवण्यापेक्षा काम बंद ठेवलेलं बरं, असा साधा व्यवहार आहे तो. गंमत म्हणजे मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन औषधालाही नसतं, उलट हिस्टिडिन भरपूर, इतकं की आहारात हिस्टिडिन नसेल तर शरीर हिमोग्लोबिनमधूनच ते काढायला लागतं आणि काही आठवड्यांत आकडा हळूहळू उतरतो.

माणसाच्या मॅरोत हे शेवटच्या टप्प्याला कसं दिसतं ते सांगतो. नेहमीच्या मॅरोच्या तुकड्यात चरबीच्या मोठ्या गोल पांढऱ्या जागा असतात आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत पेशींची दाटी, निळ्या-जांभळ्या ठिपक्यांची गर्दी. खूप दिवसांच्या उपासमारीत, ॲनोरेक्सियात (जेवण टाळण्याचा मानसिक आजार), कॅन्सर किंवा टीबीने खंगलेल्या माणसात ही गर्दी विरळ होते आणि चरबीच्या पेशीही आक्रसतात, लहान-मोठ्या वाकड्यातिकड्या दिसतात. मोकळ्या झालेल्या जागेत फिकट गुलाबी, बारीक दाणेदार असा चिकट पदार्थ भरलेला असतो. हा हायलुरोनिक ॲसिडवाला पदार्थ, अल्शियन ब्लूने रंगवला की निळा होतो. त्यात चार-दोन लाल पेशींची पिल्लं कुठेतरी एकटीदुकटी पडलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं स्लाइड बिघडली. याला जिलॅटिनस मॅरो म्हणतात, आणि चांगली बातमी अशी की मूळ कारण दूर होऊन खाणं सुधारलं तर हा मॅरो परत भरू शकतो. इतका रिकामा दिसणारा मॅरो परत भरतो हे ॲप्लास्टिक ॲनिमियात, म्हणजे मॅरोच निकामी होण्याच्या आजारात, सहसा आपोआप होत नाही, म्हणून दोन्हीतला फरक ओळखणं फार महत्त्वाचं.

पांढऱ्या पेशींबद्दल. इथे नुसता एकूण आकडा बघून काही कळत नाही. कुपोषित माणसाला बहुतेक वेळा कुठलं ना कुठलं इन्फेक्शन असतंच, त्यामुळे न्यूट्रोफिल नॉर्मल किंवा वाढलेलेसुद्धा दिसतात आणि सगळे निश्चिंत होतात. ॲनोरेक्सियासारख्या, म्हणजे इन्फेक्शन नसलेल्या उपासमारीत खरं चित्र दिसतं, तिथे साधारण एक तृतीयांश पेशंटमध्ये पांढऱ्या पेशी कमी असतात. लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, टी पेशी त्यातल्याच) गोष्ट आणखी वाईट, कारण टी पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी कुपोषणात अक्षरशः वितळते. कुपोषित मुलांमध्ये ती इतकी आक्रसते की सर्जरी करून काढून टाकल्यासारखी स्थिती होते. म्हणून अशा मुलांना टीबी असूनही ट्युबरक्युलिनची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, आणि गंभीर इन्फेक्शन असूनही ताप येत नाही, उलट अंग गार पडतं. वयस्कर माणसातही हेच धोरण ठेवायचं, ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं धरायचं नाही. तुमच्या वडिलांच्या ३२०० मध्ये न्यूट्रोफिल किती आहेत ते बघा, १५०० च्या वर असतील तर घाई नाही, १००० च्या खाली असतील तर लवकर दाखवा, ५०० च्या खाली असतील आणि ताप किंवा थंडी वाजली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्लेटलेटचं फार नाही. बऱ्याचदा नॉर्मल किंवा थोड्या कमी असतात, १ लाख ४० हजारने कुणाला रक्तस्राव होत नाही. गंभीर कुपोषित मुलात मात्र प्लेटलेट एकदम खाली आल्या तर ते इन्फेक्शन रक्तात पसरल्याचं लक्षण असू शकतं.

आता रिपोर्ट वाचण्याचं, कारण कुपोषणात रिपोर्ट फसवतो आणि एकाच नाही तर तीन-चार बाजूंनी फसवतो.

पहिलं म्हणजे आयर्नचा रिपोर्ट. रक्तातलं आयर्न वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे स्वतःच एक प्रोटीन आहे, लिव्हर तयार करतं, आठेक दिवसांत त्याचं प्रमाण निम्मं होतं. प्रोटीन कमी पडलं की हे झपाट्याने खाली येतं. समजा आयर्न ४० आहे आणि टीआयबीसी (ट्रान्सफेरिनची आयर्न धरण्याची एकूण क्षमता) १६०, तर सॅच्युरेशन आलं २५ टक्के, एकदम नॉर्मल! पण आयर्न ४० हे कमीच आहे, नॉर्मल दिसतंय ते भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे टीआयबीसी, पडला म्हणून. त्यात फेरिटिन (आयर्नचा साठा दाखवणारं प्रोटीन) इन्फेक्शन आणि शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असताना वाढतं, त्यामुळे फेरिटिन ८० आलं म्हणून साठा भरलेला आहे असं म्हणता येत नाही. सीआरपी (दाह मोजणारी टेस्ट) सोबत केल्याशिवाय फेरिटिनला अर्थ नाही, हे मी ज्युनियर मुलांना सतत सांगत असतो.

दुसरं, पेशींचा आकार. शुद्ध प्रोटीनच्या कमतरतेत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल असतो, रंगही नॉर्मल, हिमोग्लोबिन साधारण ८ ते १० च्या पट्ट्यात आणि रेटिक काउंट (नव्या, कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण) कमी. पण शुद्ध कमतरता पुस्तकातच सापडते. खऱ्या माणसात आयर्नही कमी असतं, फोलेट, बी१२, रायबोफ्लेविन, कॉपर, सगळंच थोडं थोडं कमी. आयर्नमुळे पेशी लहान होतात, बी१२ मुळे मोठ्या, आणि सरासरी येते ८६, म्हणजे नॉर्मल. अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतला फरक) वाढलेला असतो आणि स्मीअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली बघितला की बारीक फिक्या पेशी आणि त्यांच्या शेजारी मोठ्या अंडाकृती पेशी एकाच फील्डमध्ये दिसतात, त्यातच बी१२ किंवा फोलेटची कमतरता सुचवणारा, पाच-सहा पाकळ्यांच्या केंद्रकाचा एखादा न्यूट्रोफिल सापडला की मशीनचा आकडा बाजूला ठेवायचा. म्हणून म्हणतो स्मीअर डोळ्यांनी बघून घ्या, नुसती मशीनची प्रिंट पुरेशी नाही.

तिसरं, पाणी. शरीर कोरडं पडलेलं असेल तर रक्त घट्ट होतं आणि हिमोग्लोबिन खोटं चांगलं दिसतं. खाणंपिणं सुरू झालं की प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वाढतो आणि पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिन चक्क आणखी खाली येतं. नातेवाईक घाबरतात की उपचार सुरू केले आणि रक्त कमी झालं. कमी झालेलं नसतं, पातळ झालेलं असतं.

आणि चौथं, अल्ब्युमिन, जिथे मला तुमच्या केसमध्ये थांबायचंय. अल्ब्युमिन २.३ म्हणजे प्रोटीन खाण्यात कमी, असा सरळ अर्थ लोक काढतात, आणि तो बऱ्याचदा चुकतो. अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य २० दिवसांच्या आसपास असतं, आणि इन्फेक्शन किंवा शरीरात कुठलाही दाह असला की लिव्हर अल्ब्युमिन करणं कमी करून दुसरी प्रोटीनं करायला लागतं. उलट ॲनोरेक्सियात हाडांचा सापळा झालेल्या माणसाचं अल्ब्युमिन नॉर्मल असलेलं आढळतं. त्यामुळे ७४ वर्षांच्या माणसात वजन उतरलंय, सूज आहे, अल्ब्युमिन २.३, तिन्ही पेशी कमीच, तर खाणं कमी झालं म्हणून हे झालं की काहीतरी आजार आहे म्हणून खाणं कमी झालं, हा प्रश्न आधी. लघवीतून प्रोटीन जातंय का, लिव्हर कशी आहे, प्लीहा वाढलीय का, टीबी, कॅन्सर, शौचातून रक्त. टोटल प्रोटीनही बघा: अल्ब्युमिन कमी असून टोटल नॉर्मल किंवा जास्त असेल तर ग्लोब्युलिन (रक्तातली बाकीची प्रोटीनं) वाढलंय, मग प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून बघणारी टेस्ट) करून मायलोमा (मॅरोतला एक कॅन्सर) नाही ना ते बघावं लागतं. या वयात एमडीएस, म्हणजे मॅरोचा स्वतःचा बिघाड, तोही तिन्ही पेशी अशाच थोड्या थोड्या कमी करतो. कॉपरची कमतरता तर हुबेहूब एमडीएससारखी दिसते, पोटाची बायपास सर्जरी झालेल्यांत किंवा महिनोन्‌महिने झिंकच्या गोळ्या खाणाऱ्यांत ती हमखास शोधावी.

बरं, कमतरताच निघाली तर काय करायचं. पहिलं, कॅलरी. नुसतं प्रोटीन देऊन कॅलरी कमी ठेवल्या तर शरीर ते प्रोटीन जळण म्हणून वापरतं, महागाचा डबा वाया. म्हणून प्रोटीन पावडर चालू करू का या प्रश्नाला माझं उत्तर असं की आधी पूर्ण जेवण, मग त्यात प्रोटीन. तब्येत बरी असलेल्या मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन धरतात, वयस्करांना १ ते १.२, आजारी वयस्करांना १.२ ते १.५. किडनी खराब असेल तर हे आकडे लागू नाहीत, आधी क्रिएटिनिन बघा.

दुसरं, घाई नको. खूप दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतं, पहिल्या तीन-पाच दिवसांतच. फॉस्फेट फारच पडलं तर लाल पेशींना ऊर्जा मिळत नाही आणि त्या फुटायला लागतात, शिवाय हृदयाची लय बिघडते. धोका जास्त असेल तर किलोमागे १० किलोकॅलरीपासून सुरुवात, खाणं सुरू करण्याआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व), आणि रोज फॉस्फेटची तपासणी. हे घरी करण्याचं काम नाही.

तिसरं, आयर्न नंतर. तुमच्या गोळ्यांनी काम का केलं नाही याचं एक संभाव्य कारण यातच आहे. वाहून नेणारं ट्रान्सफेरिन कमी, मॅरोला ऑर्डर नाही, त्यात इन्फेक्शन असेल तर हेपसिडिन (आयर्नवर नियंत्रण ठेवणारं हार्मोन) वाढून आतड्यातून आयर्न आत येणंच बंद. सगळ्यात जास्त काटेकोर नियम गंभीर कुपोषित मुलांसाठी आहेत. डब्ल्यूएचओच्या पद्धतीत सुरुवातीच्या दिवसांत आयर्न देतच नाहीत, फॉलिक ॲसिड मात्र पहिल्या दिवशी ५ मिलिग्रॅम आणि पुढे रोज १ मिलिग्रॅम. मूल नीट खायला लागून वजन वाढायला लागलं, बहुतेक दुसऱ्या आठवड्यात, की एफ-१०० या कुपोषणावरच्या खास दुधासोबत किलोमागे ३ मिलिग्रॅम आयर्न. पाकिटातलं तयार उपचारात्मक अन्न देत असतील तर वेगळं आयर्न नाही, त्यात असतंच. कारण सरळ आहे, ट्रान्सफेरिन नसताना मोकळं फिरणारं आयर्न जंतूंच्या कामी येतं आणि पेशींना इजाही करतं.

रक्त चढवण्याबद्दलही असंच हात आखडता ठेवतात. अशा मुलांत हिमोग्लोबिन ४ च्या खाली असेल, किंवा ४ ते ६ असून श्वासाचा त्रास असेल तरच, तेही किलोमागे १० मिलिलीटर, तीन तासांत, हळू. कुपोषणात हृदयाचा स्नायूही झिजलेला असतो, त्याला जास्तीचं रक्त पेलत नाही. मोठ्या माणसाला ९.१ वर रक्त चढवायचं सहसा काहीच कारण नसतं, कोणी आग्रह केला तर कारण विचारा.

सुधारणा दिसते ती या क्रमाने: आधी भूक आणि हालचाल, मग आठवडा-दहा दिवसांत रेटिक काउंट वर, पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत, आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी, दोन-तीन महिने, कारण लाल पेशी १२० दिवस जगते आणि साठा भरायला तेवढा वेळ लागतोच. दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून जीव टांगणीला लावू नका.

तुमच्यासाठी आत्ताची यादी: स्मीअर आणि रेटिक काउंट, बी१२, फोलेट, फेरिटिन आणि सीआरपी एकाच दिवशी, टोटल प्रोटीन आणि ग्लोब्युलिन, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, लिव्हर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, शौचातलं रक्त. स्मीअरमध्ये कच्च्या पेशी किंवा विचित्र आकाराचे न्यूट्रोफिल दिसले तर वाट न बघता मॅरोची तपासणी करा. तसं काही नसेल, खाणं सुधारलं, वजन वाढायला लागलं आणि तरी तीन महिन्यांनी पेशी तिथेच असतील, तरीही मॅरो करा, आणि तो करताना नुसतं सुईने ओढून नको, हाडाचा तुकडाही घ्यायला सांगा, कारण जिलॅटिनस मॅरो ओढलेल्या थेंबात नीट कळत नाही, तुकड्यातच दिसतो.